क्रँकशाफ्टचा डँपर बदलताना

प्रश्न : ताकद वाढवलेले माझे इंजिन आता ७,००० आरपीएमपर्यंत फिरते. क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरील मूळ डँपरऐवजी अ‍ॅल्युमिनियमची हलकी पुली चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्याने क्रँकशाफ्ट किंचित पिळवटतो आणि पुन्हा सुटतो. ही कंपने डँपर शोषतो, आणि तो नसल्यास बेअरिंग, ऑइल पंपाचे गिअर, प्रसंगी शाफ्टही तुटू शकतो. मूळ डँपरमधील रबर जुने झाले की बाहेरचे कडे सरकते आणि टायमिंगची (ठिणगीची वेळ जुळवण्याची) खूण खोटी ठरते, म्हणून दर्जेदार नवा डँपर घेणे योग्यच आहे.

बसवताना हातोडा मुळीच वापरू नका. डँपर शाफ्टवर घट्ट बसणारा असतो. ठोकल्यास थ्रस्ट बेअरिंगला (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगला) इजा होते, आणि सिलिकॉन द्रव भरलेल्या प्रकारात कवचाला साधा पोचा पडला तरी आतले कडे अडकते. मूळ बोल्टनेही तो ओढू नका, कारण सुरुवातीला जेमतेम दोन-तीन आटे पकडलेले असतात व तेच निघून येतात. त्यासाठी बसवणीचे खास अवजार घ्या. शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलच्या ओठाला तेल लावा, बोल्ट नवा घ्या आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा. शेवटी पिस्टन स्टॉप (पिस्टनला ठरावीक जागी अडवणारे अवजार) लावून टीडीसीची, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थितीची, खूण पडताळा.