पहिल्यांदा शाळेची सहल प्राणीसंग्रहालयात फिरवताना

आदल्या दिवशी प्राणीपालकांकडून ताजी खबर घ्या: कोण आजारी आहे, कोणता पिंजरा बंद आहे, कुणाला पिल्लू झालंय. पिल्लाची बातमी मुलांना जरूर सांगा, पण गर्दी तिथे नेऊ नका. गोंगाटाने बिथरलेली आई पिल्लाला पाजायचं थांबवू शकते.

सिंह दिवसाचे १६ ते २० तास लोळून काढतो, म्हणून सकाळी आधी त्यालाच गाठा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

शेळ्या-सशांना हात लावला की साबणाने २० सेकंद हात धुवायचे, डबे त्यानंतरच उघडायचे. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी) त्याने मरत नाही.

आणि माहितीचा मारा नको! जिराफाचं पिल्लू जन्मतःच जवळपास १.८ मीटर उंच असतं. तेवढी खूण भिंतीवर करा आणि मुलांना शेजारी उभं करा.