वाचकांचे प्रश्न : कोरडवाहू पिकाला खत किती, कुठे आणि कधी

या वेळी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न 'एकरी किती पोती टाकू?' यावर येऊन थांबतात. पाणी हातात असेल तर हा प्रश्न पहिला विचारला तरी चालतं. कोरडवाहूत आधी ओल कुठे आहे आणि ती किती दिवस टिकेल हे पाहायचं, पोत्यांचा हिशेब त्यानंतर. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत हाच धागा सापडेल.

प्रश्न : मध्यम खोल काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी असते. पेरताना डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेलं खत) देतो, महिन्याने युरिया फेकतो. युरियाचा फरक अजिबात दिसत नाही. माल खराब असेल का?

उत्तर : माल बहुधा ठीकच आहे. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते आणि ही ओल वरून खाली आटत जाते. पेरणीला महिना होईतो वरचा चार बोटांचा थर भुकटीसारखा कोरडा झालेला असतो. मुळं खाली ओलीत आणि खत वर कोरड्यात, अशी ताटातूट होते. पुढे पाऊस झाला नाही तर खत तिथेच पडून राहतं. चुनखडीच्या जमिनीत तर त्यातलं काही नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडूनही जातं.

म्हणून या पिकाला नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही पेरणीबरोबर, एकदाच द्या. मध्यम खोल जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद धरा, म्हणजे एकरी १६ आणि ८ किलो. डीएपीत स्फुरद ४६ टक्के असतं, तेव्हा ८ किलो स्फुरदाला साडेसतरा किलो डीएपी लागेल. त्यातूनच सुमारे ३ किलो नत्र मिळतं. उरलेल्या १३ किलो नत्रासाठी २८ किलो युरिया. असं एकरी साधारण ४५ किलो खत, तेही बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे.

उथळ, मुरमाड जमिनीत ओल मुळात कमी मुरते. तिथे नत्र हेक्टरी २५ किलोंवर आणा. जास्त दिलं की पीक सुरुवातीला जोम धरतं, पानांचा पसारा वाढवतं आणि तेवढंच पाणी लवकर पिऊन टाकतं. दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. मग कडबा मिळतो, ज्वारी मिळत नाही.

प्रश्न : घाईत एकाच चाड्यातून (बी सोडायच्या नळ्यांच्या तोंडातून) बी आणि खत मिसळून पेरलं. ओल बरी होती, तरी तासांत (पेरलेल्या ओळींत) हात-हातभर खंड पडले. बियाण्याची तक्रार करावी का?

उत्तर : तक्रारीआधी खंड पडलेल्या चार-पाच जागा खुरप्याने उकरून बघा. बी फुगलेलं आहे, मोडही आला आहे, पण मोडाचं टोक तपकिरी आणि जळाल्यासारखं दिसतंय, शेजारी खताचा दाणा विरघळल्याचा ओलसर डाग आहे, तर दोष खताच्या जागेचा. बी जसंच्या तसं कोरडं सापडलं तर ते ओलीपर्यंत पोचलंच नव्हतं. ओल भरपूर आणि बी मात्र मऊ पडून कुजलेलं, असं सगळीकडे दिसलं तरच बियाण्याकडे संशयाने बघा.

खताचा दाणा म्हणजे एका अर्थी मिठाचा खडा. तो आजूबाजूची ओल स्वतःकडे ओढतो आणि त्या तीव्र द्रावणात कोवळा मोड करपतो. युरियातून आणि विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत डीएपीतूनही अमोनिया सुटतो, तो मोडाला विषारी. चांगल्या ओलीत हे द्रावण पातळ होऊन जातं, ओल जेमतेम असेल तर होत नाही. त्यामुळेच एखाद्या वर्षी मिसळून पेरलेलं छान उगवतं आणि पुढच्या वर्षी तीच पद्धत दगा देते.

दोन चाड्यांची पाभर किंवा खताची वेगळी पेटी असलेलं पेरणी यंत्र वापरा. बी ५ सेंटीमीटरवर पडत असेल तर खत १० सेंटीमीटरच्या आसपास, थोडं बाजूला पडावं. मध्ये मातीचा थर हवाच. अशी सोय नसेल तर आधी खताची एक खोल पाळी द्या आणि नंतर उथळ पेरा. दोन पाळ्यांनी थोडी ओल जाते, पण उगवण गमावण्यापेक्षा ते परवडतं.

यंत्र नक्की किती खत सोडतं हे मात्र पेरणीच्या आदल्या दिवशी मोजाच. समजा पाच फण आहेत, दोन फणांत ४५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे कामाची रुंदी सव्वादोन मीटर. खत सोडणाऱ्या चाकाचा घेर दीड मीटर. यंत्र उचलून प्रत्येक नळीला पिशवी बांधा आणि चाक २० वेळा फिरवा. हे ३० मीटर चालण्याइतकं झालं, क्षेत्र साडेसदुसष्ट चौरस मीटर, म्हणजे एकराचा साठावा भाग. एकरी ४५ किलो हवं असेल तर पाचही पिशव्यांत मिळून ७५० ग्रॅम आणि प्रत्येकीत १५० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. एका पिशवीत ९० आणि शेजारच्या पिशवीत २०० भरलं, तर पीक उभं राहिल्यावर तासातासांत फिकट-गडद पट्टे दिसतील. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करणार असाल तर लागेल तेवढंच, पेरायच्या वेळी मिसळा. रात्रभर ठेवलेलं मिश्रण पाणी सोडतं, चिकट होतं आणि नळ्या तुंबतात.

प्रश्न : माती परीक्षणाचा अहवाल असा आहे : सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.२५, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, उपलब्ध स्फुरद (पी) हेक्टरी ९ किलो, पालाश (पोटॅश) ५२० किलो, जस्त ०.४ पीपीएम. तूर घ्यायची आहे. दरवर्षी १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) वापरतो, तेच चालू ठेवू का?

उत्तर : नको. तुमच्या जमिनीत पालाश मुबलक आहे. चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेल्या काळ्या जमिनींत बहुधा असंच दिसतं. १०:२६:२६ च्या पोत्यातला चौथा हिस्सा पालाश आहे आणि तुमच्या तुरीला या घडीला त्याची गरज नाही. कमतरता आहे ती स्फुरदाची, जस्ताची आणि सेंद्रिय कर्बाची. क्षारतेची काळजी नको.

तुरीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १० आणि २०. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या : १६ टक्क्यांच्या हिशेबाने १२५ किलो, म्हणजे अडीच पोती, आणि सोबत २२ किलो युरिया. पोती जास्त वाहावी लागतात, हे खरं. पण त्यातून जवळपास १४ किलो गंधक सोबत येतं आणि डाळवर्गीय पिकाच्या प्रथिनाला ते लागतंच. डीएपीत गंधक नसतं. जस्तासाठी एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून वेगळं द्या. स्फुरदयुक्त खताशी त्याची गाठ घालू नका, दोन्ही एकमेकांना अडकवून ठेवतात.

अहवाल वाचताना एक गोष्ट तपासा. स्फुरद 'पी' म्हणून दिलं आहे की 'पी२ओ५' म्हणून? पी च्या आकड्याला २.२९ ने गुणलं की पी२ओ५ मिळतो. तुमचे ९ किलो म्हणजे साधारण २० किलो पी२ओ५. ही गफलत झाली की कमी स्फुरदाची जमीन मध्यम वाटू लागते.

नमुना कसा घेतला होता तेही आठवून पाहा. बांधाशेजारून, झाडाखालून किंवा उकिरड्याच्या जुन्या जागेवरून घेतलेला नमुना पूर्ण शेताचा अहवाल बिघडवतो. नागमोडी चालत एकरात दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा, वीतभर खोल खड्डा करा. त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती घ्या. सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. माती सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यावर मात्र वाळवू नका.

प्रश्न : कापसाला नत्राचा दुसरा हप्ता द्यायची वेळ झाली आहे, पण पंधरा दिवस पाऊस नाही. तारीख चुकू नये म्हणून टाकून ठेवू का?

उत्तर : थांबा. झाडाजवळ १० सेंटीमीटर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने दाबताच सुटत असेल तर खत द्यायला हरकत नाही. मूठ उघडताच भुगा होत असेल तर पोतं शिवलेलंच राहू द्या. पहाटेचं दव युरिया विरघळवायला पुरतं, पण तो मुळांपर्यंत न्यायला पुरत नाही. त्यासाठी १० ते १५ मिलिमीटर पाऊस लागतो. तोवर विरघळलेला युरिया जमिनीवरच अमोनिया होऊन जातो.

पाऊस झाला की लगेच, पाणी साचलेलं असतानाही टाकू नका. साचलेल्या पाण्याखाली नत्र वायुरूपाने निघून जातं. वाफसा आल्यावर (पाणी ओसरून माती कामाजोगी ओलसर झाल्यावर) ओळीलगत बारीक रेघ ओढून त्यात टाका आणि कोळप्याने बुजवा.

खंड लांबलाच तर २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकरी २०० लिटर पाणी धरलं तरी ४ किलो युरिया, नत्र दोन किलोंहून कमी. झाड तगवायला एवढं ठीक, हप्त्याची भरपाई होणार नाही. बोंडं भरू लागल्यावर राहून गेलेला हप्ता द्यायच्या फंदात पडू नका. पाला माजतो आणि रसशोषक किडींना आमंत्रण मिळतं.

प्रश्न : सोयाबीन पिवळं पडलं आहे. युरिया देऊ का?

उत्तर : कोणती पानं पिवळी आहेत? शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ही लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. खालची जुनी पानं शिरांसकट फिकट होत असतील तर नत्र कमी पडतंय.

तसं असेल तर एक झाड उपटण्याऐवजी कुदळीने मातीसकट काढा. उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती निकामी. गाठीच नसतील तर पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम लावा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम पाळा. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पेरणीला युरिया जास्त झाला तरीही गाठी धरत नाहीत, कारण आयतं नत्र मिळाल्यावर मूळ जिवाणूंना थारा देत नाही.

प्रश्न : शेणखत पेरणीच्या तोंडावर टाकलं तर चालेल का? पुरेसं शेणखतही नाही.

उत्तर : पूर्ण कुजलेलं असेल तर चालेल. अर्धवट कुजलेलं खत कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः वापरतात, त्यामुळे पीक पहिला महिनाभर पिवळं राहतं. शिवाय तण आणि वाळवी. हेक्टरी ५ टन खतातून सुमारे २५ किलो नत्र जातं, पण पहिल्या वर्षी त्यातलं तिसरा हिस्साच हाती लागतं. शेतात ढीग मारून उन्हात आठवडे पडू दिलेत तर तेही नाही. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी वखराची पाळी घाला.

कमी असलेलं खत सगळ्या रानात चिमूटभर पसरण्यापेक्षा दरवर्षी एक तुकडा घ्या आणि तीन वर्षांत शेत पुरं करा. बांधावर गिरिपुष्प लावा. दुसऱ्या वर्षापासून फांद्या छाटून कोवळा पाला ओळींमध्ये पसरता येतो. वाळलेल्या पाल्यात अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असतं आणि पसरलेला पाला ओलही धरून ठेवतो. छाटणी फुलोऱ्याआधी करा. त्यानंतर पाला कमी आणि काड्याच जास्त मिळतात.