कमाटीबागेतील किडे व फुलपाखरे टिपण्यासाठी फुल-फ्रेम (प्रतिमा टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा घ्यावा की एपीएस-सी (लहान सेन्सरचा), आणि लेन्स कोणती?

बडोद्यातल्या या छंदासाठी माझ्या मते फुल-फ्रेमचा जादा खर्च टाळावा. १:१ वर्धनावर, म्हणजे सेन्सरवर किडा प्रत्यक्षातल्याच आकाराचा उमटतो तेव्हा, फुल-फ्रेमच्या चौकटीत सुमारे ३६ मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो, तर एपीएस-सीच्या चौकटीत साधारण २४ मिलिमीटरचाच. त्यामुळे एपीएस-सीवर तेवढ्याच मेगापिक्सेलमध्ये लहान किडा अधिक तपशिलाने उमटतो. पैसा लेन्सवर घालावा. ६० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स हलकी असली, तरी १:१ साठी ती इतकी जवळ न्यावी लागते की किडा बिचकतो आणि तिची सावलीही त्याच्यावर पडते. ९० ते १०५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये पुढच्या काचेपासून साधारण १२ ते १५ सेंटिमीटर अंतर राखता येते. अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशछिद्र) एफ/११ पेक्षा फार लहान केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे पुसट होतात. प्रकाशाची उणीव डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेल्या फ्लॅशने भरून काढावी.