वाचक विचारतात : ऑगस्टमध्ये वाघ बघायला कुठं जावं?

प्रश्न : पुण्याहून माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं १५ ऑगस्टला जोडून सुट्टी काढून इंदूरला येतायत. मुलांना वाघ बघायचाय. कान्हा करावं असं चाललंय. एका रिसॉर्टवाल्याला फोन केला तर तो म्हणाला पावसातपण सफारी चालू असते, वाघ दिसतोच, अर्धे पैसे आत्ताच टाका. टाकू का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : दादा, थांबा, अजून टाकू नका. आपल्या मध्यप्रदेशातल्या टायगर रिझर्व्हचा कोर एरिया, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलैला बंद होतो तो ३० सप्टेंबरपर्यंत, आणि १ ऑक्टोबरला उघडतो, दरवर्षीचं आहे हे. पावसात जे चालू असतं ते बफर, म्हणजे कोरच्या भोवतीचं जंगल जिथं गावंपण असतात, गुरंपण चरतात, आणि तेसुद्धा जोराचा पाऊस झाला की त्या दिवशी बंद. तर तुमचा रिसॉर्टवाला खोटं बोलतोय असं मी नाही म्हणणार, अर्धं बोलतोय. त्याला एवढंच विचारा की सफारी कुठल्या गेटनी, कोर का बफर, आणि पावसानी रद्द झाली तर पैसे परत का नाही. उत्तर गोलगोल आलं की फोन ठेवा.

आणि बफरमध्ये गेलात तरी ऑगस्टमध्ये वाघ दिसणं म्हणजे नशीबच. उन्हाळ्यात तो पाणवठ्यावर येतो कारण दुसरीकडं पाणीच नसतं, पावसाळ्यात प्रत्येक खड्ड्यात पाणी, त्याला काय पडलीये तुमच्या जिप्सीपाशी यायची, आणि आला तरी गवत इतकं वाढलेलं असतं की दहा फुटांवर बसला तरी कळणार नाही. बरेच लोक सांगतात की पार्क बंद ठेवतात कारण तो वाघांच्या मीलनाचा काळ असतो. वाघाचं तसं काही ठराविक नसतं, वर्षभरात कधीही पिल्लं होतात. मुख्य भानगड रस्त्यांची आहे, नाले भरून येतात, कच्चे रस्ते वाहून जातात, जिप्सी रुतली की काढायला दुसरी जिप्सी जाते आणि तीपण रुतते. वनखात्याचा स्टाफ मात्र त्या दिवसांत पायी गस्त घालत असतो, कारण शिकारी पावसाचाच फायदा घेतात.

२०२२ च्या मोजणीत आपल्या राज्यात ७८५ वाघ निघाले, देशात सगळ्यात जास्त. ते कुठं जात नाहीत. मुलांना मे महिन्यात बोलवा, घाम गाळा आणि वाघ बघा. ऑगस्टमध्ये एवढी लांब ड्राइव्ह करून पावसाकडं बघत बसण्यापेक्षा इंदूरच्या आसपासच दोन दिवस फिरवा, कुठं ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी नुकतंच बर्डिंग सुरू केलंय. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात की पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेव. खरंच काहीच दिसत नाही का? (तिलकनगर)

उत्तर : ग्रुपवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. थंडीत बाहेरून बदकं येतात, हजारोंनी येतात, सगळी एका जागी पाण्यावर बसलेली, फोटो सोपा, मोजायला सोपं. ती पावसाळ्यात नसतात. पण जे पक्षी इथलेच आहेत त्यांचं घर, लग्न, पोरंबाळं सगळं आत्ता चाललेलं असतं, आणि थंडीत जो पक्षी नुसता मातकट रंगाचा बसून असतो तोच आत्ता नटून नाचत असतो. मला विचाराल तर मी थंडीचे दोन महिने देऊन एक ऑगस्ट घेईन.

सिरपूर तलावापासून सुरू करा, धार रोडवर, शहरातच आहे म्हटलं तरी चालेल. २०२२ मध्ये ते आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसरची मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन वेटलँड शहरं ठरली. स्वच्छतेच्या नंबराची चर्चा आपण चौकाचौकात करतो, याची कोणी केली नाही. असो. सिरपूरला पाण्यावर जिथं पानं पसरलीयत तिथं बघत बसा, लांब शेपटीचा कमळपक्षी दिसेल. ती काळी कमानदार शेपटी फक्त विणीच्या दिवसांत असते, थंडीत गळून जाते, म्हणजे तुमच्या ग्रुपवाल्यांनी तो बिनशेपटीचाच पाहिलाय. यांच्यात मादी मोठी आणि भांडखोर, ती एका नराला चार अंडी देऊन दुसऱ्याकडं निघून जाते, उबवायचं काम, पिल्लं सांभाळायचं काम नराचं. पानावरून पानावर बोटभर पिल्लांच्या मागं हिंडणारा जो दिसेल तो बाप.

तळ्याकाठी बाभळीवर, शिंदीवर सुगरणीची घरटी लटकलेली असतात ती नीट बघा, कारण घरटं विणतो तो नर, अर्धं विणून झालं की दारात लटकून पंख फडफडवत ओरडतो, मादी येते, आत जाऊन तपासते, पसंत पडलं तर पुढचं बांधकाम, नाही पडलं तर ते तसंच अर्धवट सोडून हा बिचारा दुसरं सुरू करतो. एका झाडावर तुम्हाला अशी नापास घरटी बरीच दिसतील. आत ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. हे सगळं बघायला दुर्बीणपण लागत नाही, फक्त अर्धा तास एका जागी उभं राहायची तयारी लागते आणि तीच लोकांकडं नसते.

मग हातोदकडं यशवंतसागर. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेलं धरण, शहराला पाणी देतं. इथं सारस. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, माणसाएवढा, आणि जोडीनं राहणारा. पावसाळ्यात उथळ पाण्यात, दलदलीत गवताचा ढीग करून त्यावर बहुतेक दोनच अंडी घालतो. जोडी एकदम मान वर करून ओरडायला लागली की लांबपर्यंत ऐकू येतं. पण सारस दिसला म्हणून बांधावरून चालत त्याच्याकडं जायचं नाही, रस्त्यावरूनच बघा.

शेताच्या कडेला तारेवर काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी बसला असेल तर तो चातक, आफ्रिकेतून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो, त्यामुळं सातभाई जिथं कलकलाट करतायत तिथं तो आसपास असतोच. गायबगळ्याचं डोकं आणि मान आत्ता केशरी झालेली असते, रोजचा बगळा आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि पावसाचे पहिले दिवस असतील तर मुलांना मृगाचा किडा दाखवा, तो लाल मखमलीसारखा, आणि डबक्यात पिवळेधमक झालेले मोठे बेडूक. वाघाचं विसरतील बघा, निदान तासभर.

प्रश्न : सैलानाच्या खरमोरबद्दल लहानपणापासून ऐकतोय, आजोबा सांगायचे. या वर्षी जाऊनच यायचं ठरवलंय. कधी जावं, दिसतो का? (रामबाग)

उत्तर : जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, पाऊस किती आणि गवत किती वाढलंय त्यावर आहे. खरमोर म्हणजे पुस्तकी मराठीत तणमोर, माळढोकाच्या कुळातला सगळ्यात लहान, कोंबडीएवढा. नर विणीच्या दिवसांत काळा होतो, पंखांवर पांढरं, आणि डोक्यामागून रिबिनीसारखी पिसं वळून वर आलेली. मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो, पाचसहा फूट, पाय लोंबकळत, पंख फडफडवत, बेडकासारखा आवाज काढत, आणि खाली. परत थोड्या वेळानी तेच. दिवसात शेकडो वेळा मारतो. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ढगाळ असेल तर दुपारीपण. या उड्यांमुळंच इंग्रजांच्या काळात त्याची इतकी शिकार झाली, गवतातून आपणहून वर येणारं निशाण, अजून काय हवं.

आता दिसतो का. खरं सांगायचं तर आशा कमी ठेवा. जगात हे पक्षी हजाराच्या आत राहिलेत, अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद आहे. सलीम अलींनी सांगितल्यावर १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही दोन अभयारण्यं खास याच्यासाठी झाली, पण पक्ष्याला अभयारण्याची पाटी वाचता येत नाही, त्याला गुडघाभर गवत लागतं आणि ते आपल्या माळव्यात सोयाबीनखाली गेलं. उरलेल्या बिडांवर, म्हणजे गवताच्या कुरणांवर, गुरं, मोकाट कुत्री, वरून विजेच्या तारा, शेतात औषधांची फवारणी म्हणजे टोळ-नाकतोडे संपले, म्हणजे याचं जेवण संपलं. सरदारपूरला तर गावांच्या खाजगी जमिनीच हद्दीत आल्या, खरेदी-विक्रीवर बंधनं आली, शेतकरी वैतागले आणि त्या पक्ष्यावरच राग निघाला. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. मुलीच्या लग्नाला जमीन विकता येत नसेल तर कोणालाही कुठलाच पक्षी गोड वाटणार नाही. शेतात घरटं सांभाळणाऱ्याला वनखात्यानी बक्षीस द्यायला सुरुवात केली ते मात्र चांगलं झालं, त्यानी काही ठिकाणी फरक पडला.

तर जायचं असेल तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करा, या वर्षी आलाय का विचारा, आणि त्यांच्या माणसाबरोबरच जा, रस्त्यावरून किंवा तो सांगेल तिथून बघा. गवतात पाय टाकायचा नाही, एकही नाही, मादी जमिनीवर अंडी घालते आणि ती तुम्हाला दिसणार नाही. नाही दिसला तर हरकत नाही, त्या बिडावर पावसाळी लावे, चंडोल, नीलगायी असतात. आजोबांच्या वेळचं जे होतं ते मात्र आता नाही.

प्रश्न : वय ७१, गुडघे गेलेत. सून म्हणते आई तुम्ही घरीच बसा. मला पक्षी बघायचे आहेत. (स्नेहलतागंज)

उत्तर : काकू, सुनेला सांगा गाडी काढ आणि सिरपूरला घेऊन चल, सोबत एक फोल्डिंगची खुर्ची. बसूनच जास्त दिसतं. आणि घरी बसलात तरी गच्चीत सकाळी चहा घेऊन बसा, पावशा ओरडत असेल, पेरते व्हा पेरते व्हा. फोनमध्ये मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतं. कधीकधी चुकतं, ॲपला रिक्षाच्या हॉर्नमधून कोकिळा वेगळी करायची असते, समजून घ्या. नातवाला डाउनलोड करायला लावा.

प्रश्न : पावसात दुर्बीण आणि कॅमेरा कसा सांभाळायचा? नवीन घेतोय, कुठली घेऊ? (विजयनगर)

उत्तर : ८ बाय ४२. आठपट जवळ दिसतं, आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, म्हणजे ढगाळ उजेडातही अंधारं वाटत नाही. १० किंवा १२ पटीच्या मोहात पडू नका, हात हलतो. वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली घ्या, नाहीतर आतून धुकं धरतं. गाडीत एसी लावू नका, थंड गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लगेच लेन्सवर वाफ. हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवा, हजार रुपयांच्या कव्हरचं काम फुकटात. घरी आल्यावर ओल्या बॅगेत तसंच ठेवायचं नाही, पुसा, आणि सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात, नाहीतर दिवाळीपर्यंत लेन्सला बुरशी. आणि कॅमेऱ्याइतकाच विचार बुटांचा करा, आपली काळी माती भिजली की गाडीचं चाकपण सोडत नाही, गमबूट घाला. घोणस, मण्यार आहेत या दिवसांत. चावलंच तर मांत्रिक, ब्लेड, दोरी काही नाही, सरळ सरकारी दवाखाना.

प्रश्न : आम्ही चोरलकडं एका गाइडबरोबर गेलो. तो मोबाइलवर स्पीकर लावून पक्ष्याचा आवाज वाजवत होता, नवरंग लगेच समोर आला, सगळ्यांनी फोटो काढले. मग त्यानी स्वर्गीय नर्तकाचं घरटं दाखवलं, समोरची फांदी बांधून बाजूला केली होती. फोटो फार सुंदर आलेत पण मला बरं नाही वाटलं. मी उगाच जास्त विचार करतोय का? (लोकमान्यनगर)

उत्तर : नाही, बरोबर विचार करताय. रेकॉर्डिंग वाजलं की नवरंगाला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, तो खाणं, घरटं सगळं सोडून भांडायला येतो, आणि तुमच्यानंतरच्या ग्रुपलापण येतो, त्याच्या नंतरच्यालापण. फांदीचं तर त्याहून वाईट. ती फांदी म्हणजे पावसापासूनचं छप्पर आणि कावळ्यापासूनचा पडदा. माणसं घरट्याशी उभी राहिली की आई उठते, अंडी पावसात गार पडतात, आणि कावळा हुशार आहे, माणसं कुठं घोळका करून बघतायत ते तो वरून बघतच असतो. दूधराज म्हणजे हाच स्वर्गीय नर्तक, तो आपला राज्यपक्षी आहे, आणि घरट्यांना, अंड्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही.

गाइडशी भांडू नका, त्याचं पोट आहे, आणि बहुतेक वेळा टिप फोटोवरच मिळते म्हणून तो हे करतो. पुढच्या वेळी निघायच्या आधीच सांगा की भाऊ, कॉल वाजवायचा नाही, घरट्यापाशी न्यायचं नाही, आणि टिप नेहमीपेक्षा जास्त देऊ. आणि ते घरट्याचे फोटो कुठं टाकू नका, जागा तर अजिबात सांगू नका, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं वीस गाड्या.

प्रश्न : पाताळपाणी ते कालाकुंड ट्रेननी मुलांना नेऊ का? पक्षी दिसतात का? (महू)

उत्तर : ट्रेनमधून पक्षी कमी, धबधबे आणि धुकं जास्त, पण मुलांसाठी जरूर न्या, विंध्याचा तो घाट पावसातच बघायचा. फक्त पाताळपाणीला खाली पाण्यात उतरू देऊ नका, वर पाऊस झाला की खाली मिनिटात पाणी वाढतं, २०११ च्या जुलैत इथं अचानक वाढलेल्या पाण्यात माणसं वाहून गेली, ते इंदूर-महूच्या लोकांना माहितीये. रेलिंगच्या अलीकडं उभे राहा, आणि तिकीट आधी काढा, सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी मिळत नाही.