मादिराँ ‘कडवट’ नव्हे, तुरट

प्रश्न असा आहे : फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील मादिराँ या तांबड्या वाइनचे वर्णन मराठीत ‘कडवट’ असे केलेले वाचले, ते योग्य आहे काय, आणि अशा वाइनबरोबर काय खावे?

योग्य नाही. ही चूक अलीकडे इतक्या वेळा कानावर येते की तिची चीड येते. जांभूळ, कच्चे केळे किंवा काजूचे बोंड खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते आणि गाल आतून ओढल्यासारखे वाटतात, त्याला मराठी माणूस कधीच कडू म्हणत नाही. तो तुरट म्हणतो. कडूपणा ही जिभेला कळणारी चव आहे, तर तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे : द्राक्षाच्या सालीतील व बियांतील टॅनिन नावाचे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना बांधून घेते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडते. मादिराँ ज्या द्राक्षापासून मुख्यतः होते, त्या जाड सालीच्या द्राक्षाचे नावच ‘ताना’ आहे, आणि ते नाव टॅनिनच्याच कुळातले आहे. (मादिराँ हे गावाचे नाव आहे, त्याचा मदिरेशी काहीही संबंध नाही.)

फ्रेंचमध्ये ‘ताँ’ म्हणजे चामडे कमावण्यासाठी दळलेली ओकची साल. त्या शब्दाच्या मुळाशी ओकचे जुने केल्टिक नाव आहे, आणि वायव्य फ्रान्समधल्या ब्रेतॉन या केल्टिक भाषेत ओकला आजही ‘तान’ म्हणतात. फ्रेंचांनी या गुणाचे नाव, म्हणजे टॅनिन, चांभाराच्या कुंडातून उचलले. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावत आले आहेत, पण मराठीने शब्द घेतला तो जिभेवरून. ‘तुवरस्तु कषायोऽस्त्री’ असे अमरकोश सांगतो, म्हणजे तुवर हे कषाय, अर्थात तुरट, रसाचेच नाव. या तुवरला आपला ‘-ट’ लागला आणि आंबट, खारट, तिखट यांच्या पंक्तीत तुरट येऊन बसला. गोड आणि कडू मात्र त्या पंक्तीबाहेर राहिले.

तुरटीसारखे लागते म्हणून तुरट, असे काही जाणकार अजूनही सांगतात. हे मत मला मुळीच मान्य नाही. ‘-ट’ने विशेषण तयार होते आणि त्याला पुढे ‘-ई’ लागून वस्तूचे नाव होते. म्हणून चव आधी आणि तुरटी नंतर. याहून मोलाचा पुरावा तुरीचा आहे. संस्कृतात ‘तुवरी’ म्हणजे तूर, आणि तोच शब्द सौराष्ट्रातल्या, तुरटी मानल्या जाणाऱ्या एका औषधी मातीलाही लावतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तुरीचा रस कषाय व मधुर सांगितला आहे आणि तुरीच्या गडद टरफलात टॅनिन असते. आपण टरफल काढून वरण करतो, म्हणून ताटात फक्त गोडवा उरतो आणि नावातला तुरटपणा कुणाच्या लक्षात येत नाही. तूर, तुरट आणि तुरटी ही एकाच घरातली भावंडे आहेत, असे माझे ठाम मत आहे, आणि कोशकारांनी त्यांना तीन वेगळ्या दारांत उभे करू नये.

आता खाण्याचे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधते तसे अन्नातल्या प्रथिनांनाही बांधते, म्हणून मादिराँबरोबर तिच्याच मुलखात, गॅस्कनीत, बदकाचे पदार्थ खातात : स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेले बदकाचे मांस, किंवा पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि मांस घालून तासन्‌तास शिजवलेले कासूले. टॅनिनला तोंडातल्या लाळेऐवजी मांसातले प्रथिन सापडते आणि घोट मऊ लागतो. मेंढीच्या दुधाचे खारट, घट्ट ओसो-इराती चीज त्याच न्यायाने शोभते. बाटली काही वर्षे ठेवली तर तुरटपणा मुरतो. तो लवकर मुरावा म्हणून वाइनमध्ये सूक्ष्म प्रमाणात प्राणवायू सोडण्याची पद्धत वाइन बनवणारे पात्रिक द्युकूर्नो यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी मादिराँमध्येच विकसित केली. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र ही वाइन पिऊ नये, कारण मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. मीठ चालते; कोकणात आणि गोव्यात काजूच्या बोंडाला मीठ लावूनच खातात, आणि तिथे कुणी बोंडाला कडवट म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.