भूतानमध्ये परदेशी पत्रकाराला मोकळेपणानं लिहिता येतं का?

लिहिता येतं, पण आधी कुणी बोलायला हवं! मी तिथे बातमीदारी केली तेव्हा खरी अडचण हीच होती. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, त्यातले लाखाच्या वर राजधानी थिंफू शहरात. नाव न छापण्याचं वचन देऊन उपयोग नसतो, कारण ही माहिती कुणाकुणाला होती हे खात्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. ज्या ठेकेदाराबद्दल विचारायचं, तो नेमका समोरच्याचा मेहुणा निघतो. मग लोक आदरानं बसवतात, लोणी-मिठाचा चहा पाजतात आणि काहीही सांगत नाहीत. भाषेचं मात्र फारसं अडत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाच्या, आणि सिनेमामुळे बऱ्याच जणांना हिंदी समजते.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. दीक्षाभूमीवरून बौद्ध धर्माची जी ओळख होते, ती तिथे फारशी कामी येत नाही. तिथला भिक्षुसंघ राज्यव्यवस्थेचाच भाग आहे. एकाच झोंगमध्ये (किल्लाच म्हणा) अर्ध्या बाजूला भिक्षू आणि अर्ध्या बाजूला जिल्ह्याची कचेरी. सरकारी कामाला जाताना स्थानिकांना घो (पुरुषांचा पोशाख) किंवा किरा (बायकांचा) घालून, वर उपरणं घेऊनच जावं लागतं.

बदलाचा वेग मात्र अफाट. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही १९९९ साली आले. पहिली खासगी वृत्तपत्रं निघाली २००६ मध्ये, आणि २००८ मध्ये संसदेची निवडणूक झाली, तीही राजाच्या आग्रहानं. बऱ्याच प्रजेला ती नकोच होती! त्यामुळे 'जनता विरुद्ध सत्ता' हा आपला नेहमीचा साचा तिथे चालत नाही. तरी लोक गप्पच बसतात असंही नाही. २०११ मध्ये तंबाखू बाळगल्याबद्दल एका भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा फेसबुकवर रान उठलं आणि पुढच्या वर्षी कायदा सौम्य करावा लागला.

स्थानिक वृत्तपत्रांची नाडी सरकारी जाहिरातींच्या हातात असते. त्या आटल्या तशी काही बंद पडली. जागतिक माध्यमस्वातंत्र्याच्या यादीत भूतान २०२२ मध्ये ३३वा होता, २०२४ मध्ये १४७वा. दोन वर्षांत कुठलाही देश इतका बदलत नाही, म्हणून या क्रमवारीवर मी फार विसंबत नाही. जाहिरातींचं गणित मात्र खरं आहे. परदेशी पत्रकाराला हा धाक नसतो. उलट त्याच्या संपादकाला हसरा भिक्षू आणि 'आनंदाचा निर्देशांक' एवढंच हवं असतं, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेल्या तरुण शिक्षक-परिचारिकांची बातमी आतल्या पानावर जाते.

सर्वांत अवघड विषय ल्होत्शाम्पांचा, म्हणजे दक्षिणेतल्या नेपाळीभाषकांचा. १९९०च्या दशकात एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत गेली, आणि पुढे त्यांतली बहुतेक अमेरिकेत. थिंफूत हा विषय काढला की बैठक संपते. मला विचाराल तर ती बातमी या छावण्या असलेल्या नेपाळच्या झापा जिल्ह्यातूनच करावी. मोकळेपणाची हद्द तिथे येते.

तुम्ही जाणार असाल तर: भारतीयांना व्हिसा लागत नाही, दिवसाला १,२०० रुपये शुल्क भरून पर्यटक म्हणून फिरता येतं. त्या शुल्कात बातमीदारीची परवानगी येत नाही. ती आधी, वेगळी मागा.