गराजातल्या गप्पा : आजोबांची पद्मिनी आणि धुरकट काच

प्रश्न (डिचोलीहून) : आमच्याकडे आजोबांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. इंजिन झालं, रंग पण बरा आहे, पण पुढची काच काही केल्या साफ होत नाही. दिवसा चालून जातं, संध्याकाळी सूर्य समोर आला किंवा रात्री समोरच्या गाडीची लाईट पडली की अख्खी काच पांढरी. वायपर फिरतो तिथे कमानीसारखे ओरखडे आहेत, खालच्या बाजूला बोअरच्या पाण्याचे डाग आहेत, आणि गाडी चार पावसाळे फणसाखाली होती ते वेगळंच. मेकॅनिक म्हणतो नवीन काच घाला, बाबा म्हणतात मूळची काच काढायची नाही, आई म्हणते माडाचा विनेगर लावून बघ. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघांचं थोडंथोडं, पण त्याआधी बादलीभर पाणी घ्या आणि काच ओली करा. ओली असताना धुरकटपणा गेला आणि सुकल्यावर परत आला तर दोष बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे डाग नाहीतर बारीक ओरखडे. ओली करूनही तसाच राहिला तर तो आतल्या बाजूला असेल, किंवा काचेच्या दोन थरांच्या मध्ये. हे न बघताच लोक घासत सुटतात, आणि बरेचदा चूक बाजू घासतात. आतल्या बाजूला तर नुसता तेलकट थर असतो हो, उन्हात रेक्झिन आणि प्लास्टिक तापून त्याची वाफ काचेवर बसते. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, एका फडक्याने पुसायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं, दोनतीनदा करा. तुमचा निम्मा त्रास कदाचित इथेच जाईल.

आता बाहेर. फणसाचा चीक कसा काढायचा ते तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, फणस कापताना हाताला लावतो तेच खोबरेल तेल. लावा, दहा मिनिटं ठेवा, चीक मऊ झाला की पुसा, मग साबणाने तेल काढा. पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे, ते आंबटाने सुटतात, म्हणून विनेगरची आयडिया बरोबर आहे, फक्त माडाचा पोर्कच्या सोरपोतेलासाठी ठेवा, बाजारातला पांढरा पारदर्शक घ्या, उगाच रंगाचा आणि गाळाचा चिकटा कशाला. फडकं भिजवून डागावर पंधरावीस मिनिटं चिकटवून ठेवा, रंगावर आणि क्रोमवर ओघळू देऊ नका, मग भरपूर पाणी. तरी राहिलं तर चार शून्यवाली (०००० नंबरची) बारीक स्टील वूल, तीही ओल्या काचेवर हलक्या हाताने. भांडी घासायची जाड तार नको. आणि कोणी ‘स्ट्राँग अ‍ॅसिड’ची बाटली घेऊन आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा, हायड्रोफ्लोरिक असलेलं काही असलं तर ते काचच खातं, आणि माणसालाही सोडत नाही.

राहिले ओरखडे. डिचोलीची गाडी म्हटल्यावर मला एकच विचारायचंय, आजोबा सकाळी सुक्या फडक्याने काच पुसायचे ना? २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पहिल्यांदा बंद पडेपर्यंत त्या रस्त्याला खनिजाच्या ट्रकांची रांग असायची, लाल धूळ सगळ्यांच्या घरात, गाडीवर तर थरच. ती धूळ म्हणजे लोहखनिज, कडकपणात काचेच्या बरोबरीचं किंवा जास्तच, आणि त्यात वाळूचे कण असले तर ते नक्कीच काचेपेक्षा कडक. प्रेमाने रोज पुसलेल्या गाड्यांच्या काचा म्हणूनच जास्त खराब असतात. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा.

ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर सेरियम ऑक्साइडने काम होतं. ही पिवळट-गुलाबी पावडर, चष्म्याच्या काचांच्या पॉलिशलाही हीच वापरतात. पाण्यात सायीसारखी कालवायची, ड्रिलला फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पॅड, स्पीड कमी, पॅड सतत हलता आणि काच सतत ओली, हात लावून बघत राहायचं, गरम लागली की थांबायचं. बीडिंगला, म्हणजे काचेभोवतीच्या रबराला, आणि रंगाला आधी टेप मारा नाहीतर आठवडाभर फटीतून पांढरा चुना काढत बसाल. एवढ्या मोठ्या काचेला दोनतीन दुपारी जातात.

नख अडकलं तर सोडून द्या. मी सोडलं नव्हतं. माझ्या जुन्या गाडीवर बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर एक खोल ओरखडा होता, एवढाच भाग तासभर घासला, ओरखडा गेला आणि तिथे खळगा पडला, रात्री मांडवीच्या पुलावर समोरची प्रत्येक लाईट तिथे आल्यावर लचकायची, चक्कर यायची वेळ. शेवटी काच बदलली. तुमचे वायपरचे ओरखडे नख अडकणारे निघाले तर मेकॅनिक बरोबर आहे, बाबांसाठी जुनी काच गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. आणि काहीही केलं तरी वायपरचं रबर नवीन टाका, कडक झालेल्या रबराने परत तेच होणार.

प्रश्न (मडगावहून) : पुढच्या काचेच्या कडेने आतून दुधासारखा पांढरा पट्टा आलाय, दर पावसाळ्यात बोटभर पुढे सरकतो. काय लावू?

उत्तर : काही लावू नका, लागणारच नाही. तुमची काच लॅमिनेटेड आहे, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, कडेने पाणी शिरून तो सुटायला लागलाय. हे परत जुळत नाही. बीडिंग कडक होऊन तडकलं असेल म्हणून पाणी तिथे साचतं, ते बदला म्हणजे वेग तरी कमी होईल. बीडिंग काढलंच आहे तर खालचा पत्रा नीट बघा, गंज तिथेच सुरू होतो, समुद्राकडच्या गाड्यांना तर हमखास. नजरेच्या आड असेपर्यंत चालवा, नजरेत आला की काच नवीन.

प्रश्न (म्हापशाहून) : दाराच्या काचांवर उभ्या रेघा पडतात, पॉलिश केलं तरी महिन्याने परत.

उत्तर : रेघा उभ्या आहेत म्हणजे काच वरखाली होताना पडतायत. काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनलमधलं फेल्ट बघा, त्यात वाळू रुतलेली असणार. फेल्ट बदला, मग पॉलिश. उलटं केलंत म्हणून पैसे गेले.